दार कोणतं, ते आधी सांगा

दरवर्षी संक्रांतीचा तिळगूळ डब्यात शिल्लक असतो तोवरच दावोसची बातमी येते. बर्फात आपले मंत्री कोट घालून उभे, शेजारी कुणी उद्योगपती, दोघांच्या हातात एकेक फाईल आणि खाली आकडा. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने तिथे १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले. शून्यं मोजता मोजता मला चष्मा पुसावा लागला! त्यातल्या कितीतरी कंपन्या आपल्या मुंबईतल्याच होत्या. त्यांना सही करायला स्वित्झर्लंडला का जावं लागतं, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

मी अर्थशास्त्राची पंडित नाही. बी.ए. झाले तीही मराठी माध्यमातून, आणि पुढे आयुष्यभर बेलापूर पट्टीतल्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. पण शिक्षकाची एक खोड जात नाही. मुलाने उत्तरात आकडा लिहिला आणि एकक लिहिलं नाही, की मी अर्धा गुण कापत असे. नुसतं २५ म्हणजे काय? २५ किलोमीटर, की २५ क्विंटल? 'अमुक लाख कोटींची गुंतवणूक आली' हे वाक्य मला तसंच एकक नसलेलं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की परकी कंपनी आपल्याकडे किती पैसे घेऊन येते यापेक्षा ती कोणत्या दाराने येते हे जास्त महत्त्वाचं असतं. आपल्या हाती काय लागणार, ते त्या दारावर ठरतं. दार ती स्वतःच्या सोयीने निवडते, आपल्या नव्हे. त्यात तिचा काही गुन्हा नाही, व्यापारी माणूस असंच वागणार. गुन्हा आपला आहे. पाहुणा कुठल्या दाराने आला आणि किती दिवस राहणार हे न विचारता आपण त्याच्या बॅगेचं वजन करत बसतो.

आता ही दारं कोणती, ते सांगते.

पहिलं दार परवान्याचं. 'आमचं तंत्र वापरा, आम्हाला मानधन द्या.' यात पाहुणा घरात येतच नाही, खिडकीतून वस्तू देतो. दुसरं दार भागीदारीचं. निम्मे तुमचे, निम्मे आमचे (बहुतेक वेळा आमचे जरा जास्त). तिसरं दार म्हणजे उभं घर माणसांसकट विकत घ्यायचं. चौथं म्हणजे मोकळ्या जमिनीवर स्वतःचं नवं घर बांधायचं. आणि बंदरं, रस्ते अशा सार्वजनिक गोष्टींसाठी पाचवं दार असतं, ठरावीक मुदतीच्या ठेक्याचं. तीस वर्षं वापरा, मग परत करा.

यातलं कोणतं निवडायचं, याचं कंपन्यांचं गणित तसं साधं आहे. परक्या मुलखात आपल्याला काय येत नाही? तिथली गिऱ्हाइकं, दुकानदारांचं जाळं, सरकारी कचेऱ्या माहीत नसतील तर ज्याला माहीत आहेत असा भागीदार हवा. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? तंत्राचं गुपित मोठं असेल तर भागीदार नको, कारण उद्या तोच शेजारी दुकान थाटेल. तिथले कायदे आणि कोर्टं किती भरवशाची? भरवसा नसेल तर स्वतःचे पैसे कमी गुंतवा, दुसऱ्याचे जास्त. घाई किती? घाई असेल तर तयार घर घ्या. आणि सगळ्यात शेवटी, त्या देशाचा कायदा काय करू देतो?

१९८९ नंतर पूर्व युरोपातले साम्यवादी देश बाजाराकडे वळले. अशा एका व्यवस्थेतून दुसरीकडे निघालेल्या देशांना 'संक्रमणातल्या अर्थव्यवस्था' म्हणतात. तिथे हे गणित उघड दिसलं. झेकोस्लोव्हाकियातल्या श्कोडा या सरकारी मोटार कारखान्यात जर्मनीची फोक्सवॅगन १९९१ मध्ये शिरली, ती ३० टक्के भाग घेऊन. मग हप्त्याहप्त्याने वाढत २००० साली पूर्ण मालक झाली. आधी भागीदारी, मग मालकी. सरकारलाही अंदाज घ्यायला वेळ मिळाला आणि कंपनीलाही. आणि गंमत बघा, तीच श्कोडा २००१ मध्ये आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला आली. फोक्सवॅगनने पुढे २००९ मध्ये चाकणला स्वतःचा नवा कारखाना उघडला. म्हणजे एकाच घराण्याने एका देशात उभं घर हप्त्याने घेतलं आणि दुसऱ्या देशात मोकळ्या जमिनीवर नवं बांधलं.

आपण साम्यवादी नव्हतो, पण संक्रमण आपलंही झालं. १९७३ च्या 'फेरा' कायद्याने बहुतेक परक्या कंपन्यांना ४० टक्क्यांवर भाग ठेवायला मनाई केली. जनता सरकारच्या काळात कोका कोला १९७७ मध्ये आणि आयबीएम १९७८ मध्ये निघून गेली. मग २४ जुलै १९९१ चं औद्योगिक धोरण आलं आणि ३४ उद्योगांमध्ये ५१ टक्क्यांपर्यंत परकी भागाला आपोआप मंजुरी मिळू लागली. त्यानंतर उंबरठा खाली खालीच येत गेला आणि उंबरठा बदलला तसा पाहुणाही दार बदलत गेला.

आपल्या पुण्याच्या फिरोदियांचं उदाहरण घ्या. १९८४ साली कायनेटिक आणि जपानची होंडा यांची भागीदारी झाली आणि कायनेटिक होंडा आली. गिअर नाहीत, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू! आमच्या शाळेतल्या दोन बाई साडी सावरत ती चालवत येत आणि सगळी शाळा बघत राही. त्या काळी होंडाला एकटीने येणं अवघडच होतं, भागीदार हवाच होता. १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली. १९९९ मध्ये तिने मानेसरला संपूर्ण स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. त्यातून आली अ‍ॅक्टिव्हा, जी आज गल्लोगल्ली दिसते. कायनेटिकचा दुचाकीचा धंदा २००८ मध्ये महिंद्राकडे गेला.

यात होंडाने दगा दिला असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. कायद्याने लावून दिलेलं लग्न होतं, कायदा सैल झाल्यावर मोडलं. सरकारलाही हे दिसत होतंच. १९९८ च्या डिसेंबरात 'प्रेस नोट १८' निघाली. परक्या कंपनीला त्याच क्षेत्रात दुसरं दुकान काढायचं तर सरकारची परवानगी घ्यावी लागेल, आणि जुन्या भागीदाराचं त्यात नुकसान नाही हे दाखवावं लागेल, असा तिचा अर्थ. २००५ मध्ये ती सैल केली आणि २०११ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे ज्या काळात जुन्या भागीदाऱ्या मोडत होत्या, नेमक्या त्याच काळात आपण भागीदाराची ढाल उतरवली. त्यावर गावात कुठे चर्चा झाल्याचं आठवतंय कुणाला? मला तरी नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बजाजने जपानच्या कावासाकीकडून तंत्र घेतलं, घराची मालकी मात्र दिली नाही. शिकले, स्वतःचं डोकं लावलं. २००७ मध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भाग घेतला, तिच्या गाड्या चाकणला बनवू लागले, आणि २०२५ मध्ये त्याच केटीएमचा ताबा घेतला. पहिल्या दाराने आलेल्या विद्येने चाळीस वर्षांनी परक्या गावात घर घेतलं! तेव्हा भारतीय भागीदार बुडणारच असं काही विधिलिखित नाही. दाराशी उभं राहताना आपण काय मागतो आणि मिळालेल्या वेळात काय शिकतो, यावर ते अवलंबून आहे.

आता तिसऱ्या दाराकडे या. १९९३ मध्ये कोका कोला परतली तेव्हा तिने पार्ल्याच्या चौहानांकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावंच विकत घेतली. का? कारण त्या नावांमागे बाटल्या भरणारे कारखाने होते, दुकानांच्या रांगा होत्या, लोकांच्या जिभेची सवय होती. ती सवय नव्याने लावायला वीस वर्षं गेली असती. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसं झालं. थम्स अप मात्र लोकांनी सोडलं नाही म्हणून टिकलं, आणि २०२१ मध्ये त्याची विक्री वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. चौहानांनी स्वखुशीने विकलं, त्यांचा हक्कच होता. पण ही 'गुंतवणूक' झाली का? नवा कारखाना उभा राहिला का? एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे गेले आणि घराच्या पाटीवरचं नाव बदललं.

आमच्या नवी मुंबईत ऐरोलीला याचा आणखी मासलेवाईक नमुना आहे. पटनी ही आपल्याकडच्या जुन्या संगणक कंपन्यांपैकी एक. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तिचं मोठं आवार होतं. २०११ मध्ये आयगेटने पटनी घेतली. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेट घेतली, सुमारे चार अब्ज डॉलर मोजून. पण आयगेट अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेली होती, म्हणजे तो व्यवहार तिकडचा. चार वर्षांत मालक दोनदा बदलले. पोरं त्याच बसने येत होती आणि त्याच कँटीनमध्ये जेवत होती. मोठा मालक आल्याने त्यांच्यापैकी अनेकांचं भलंही झालं असेल, ते मी नाकारत नाही. पण पॅरिसमध्ये सही झाली म्हणून ऐरोलीत एक वीट तरी नवी लागली का, हा प्रश्न विचारायचा की नाही?

परकी पैशाची मोजदाद करताना नव्या भांडवलासाठी आलेले पैसे आणि असलेले शेअर विकत घेण्यासाठी आलेले पैसे वेगळे दाखवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यांत ते वेगळे असतातही. पण तक्त्यातून व्यासपीठावर येईपर्यंत हा रकाना गळून पडतो आणि उरते ती फक्त बेरीज.

मग कुणी म्हणेल, 'नव्या जमिनीवर नवं घर, म्हणजे चौथं दार, ते तरी चांगलं ना?' थांबा, घाई करू नका. या महाराष्ट्राने चौथ्या दाराची सगळ्यात मोठी शिक्षा भोगलेली आहे.

गुहागर तालुक्यातला एन्रॉन प्रकल्प विसरलात का? जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार. एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचे दहा-दहा. कागदावर बघाल तर मोकळ्या जमिनीवर परकी पैशाने उभं राहणारं स्वच्छ नवं घर! पण करारात काय होतं? वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचे. हिशेब डॉलरशी बांधलेला. राज्याची हमी, आणि पहिल्या टप्प्यासाठी त्यावर केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, मग फेरवाटाघाटी करून पुन्हा केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढावी लागली आणि ते घर आपल्याच पैशाने सावरावं लागलं.

घर त्यांचं आणि जोखीम आपली, असा तो प्रकार. परक्या कंपनीला जेव्हा एखाद्या देशाच्या व्यवस्थेचा भरवसा वाटत नाही, तेव्हा एकतर ती कमी पैसे घालते, नाहीतर भरवसाच लिहून मागते. आपण तो लिहून दिला. म्हणून म्हणते, दार कोणतं एवढंच विचारून भागत नाही. बुडालं तर कुणाचं बुडणार, हेही विचारायचं.

आणि जाताना? तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद करायचं ठरवलं, २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही थांबवलं. चीनच्या एका कंपनीशी विक्रीचा सौदा झाला होता, पण शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर २०२० मध्ये निर्बंध आल्यामुळे तो अडकला आणि २०२२ मध्ये सुटला. शेवटी ह्युंदाईने कारखाना घेतला, २०२४ च्या जानेवारीत व्यवहार पुरा झाला. मधल्या काळात हजाराहून अधिक कामगार घरी बसले आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २००८ मध्ये ती 'गुंतवणूक' होती, २०२४ मध्ये तोच कारखाना पुन्हा 'गुंतवणूक' म्हणून बातमीत आला. एकच लग्न दोनदा मोजल्यासारखं झालं हे! मधल्या माणसांचा रकाना कुठल्याच बेरजेत नाही.

हे मी वर्तमानपत्रातून शिकले नाही. आमच्या शाळेत कारखान्यांतल्या कामगारांची मुलं असत. बेलापूर रस्त्यावरचा एक कारखाना (नाव कशाला घेऊ?) विकला गेला, मग नव्या मालकाने तो हळूहळू बंद करत आणला. त्या वर्षी माझ्या वर्गात सहलीच्या पैशांसाठी तिसऱ्यांदा आठवण करूनही मान खाली घालणारी सात मुलं होती. गेल्या वर्षी घेतलेली पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतील का, असं एक आई विचारायला आली. त्या घरात 'मालकी हक्काचं हस्तांतरण' या शब्दांचा अर्थ एवढाच होता.

आता आमच्या दाराशी येऊ. शब्दशः दाराशी, म्हणजे न्हावा शेव्याला. परकी कंपन्या दार कसं निवडतात हे शिकायला बंदराइतकी चांगली शाळा नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही जमीन आकाशातून पडली नाही. १९७० मध्ये सिडको आली, आगरी-कोळी लोकांची शेतं आणि मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं.

१९९७ मध्ये तिथल्या एका धक्क्याचा तीस वर्षांचा ठेका ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या गटाला दिला. देशातला हा पहिलाच खाजगी कंटेनर धक्का. बांधा, वापरा, परत करा. न्यायाने बोलायचं तर यातून फायदा झाला. जहाजं भराभर रिकामी होऊ लागली, शेजारच्या सरकारी धक्क्यालाही चुरशीने हात उचलावा लागला. २०२४-२५ मध्ये या बंदरातून वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली. परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही मोजावं.

पण २००६ मध्ये काय झालं? दुबईच्या सरकारी मालकीच्या डीपी वर्ल्डने लंडनमधली पी अँड ओ कंपनीच विकत घेतली. झालं! आपल्या धक्क्याचा चालक बदलला. ठेका दिला होता एकाला, आणि तिकडच्या तिकडे व्यवहार होऊन आला दुसरा. त्याच व्यवहारात अमेरिकेतली काही बंदरंही होती. तिथल्या संसदेत एवढा गदारोळ झाला की डीपी वर्ल्डला अमेरिकेतला कारभार विकून टाकावा लागला. त्यांचं भय खरं होतं की खोटं, यात मी पडत नाही. मुद्दा हा की त्यांनी विचारलं, 'आमच्या दाराची किल्ली कुणाच्या हातात गेली?' आपल्याकडे त्या मानाने पानही हललं नाही.

दुसरा धक्का २००६ मध्ये सुरू झाला, तो मर्स्क घराण्याच्या एपीएम टर्मिनल्स आणि आपल्या रेल्वेच्या कॉनकॉर यांच्या भागीदारीतून, ७४ आणि २६ टक्के. भागीदार रेल्वेवालाच का? कारण धक्क्यावर उतरलेला डबा दिल्लीकडे जाणार तो रेल्वेने! आपल्याला जे येत नाही ते ज्याच्याकडे आहे तो भागीदार, हे वर सांगितलेलं गणित इथे जसंच्या तसं दिसतं.

चौथ्या धक्क्याची गोष्ट तर वर्गात शिकवावी अशी आहे. २०११ मध्ये सिंगापूरच्या पीएसएने एबीजी या भारतीय कंपनीला बरोबर घेऊन बोली लावली. उत्पन्नातला जवळपास ५१ टक्के वाटा बंदराला देऊ, म्हणाले. नंतर करारावर सहीच झाली नाही, २०१२ मध्ये तो ठेका रद्द झाला. पुन्हा निविदा निघाली. २०१४ मध्ये तीच पीएसए, या वेळी एकटी, जवळपास ३६ टक्के वाटा सांगून जिंकली. २०१८ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. धक्का तोच, जागा तीच, मुदत तेवढीच. भागीदार गेला आणि आपला वाटा पंधरा टक्क्यांनी उतरला. पहिली बोली अवास्तव होती असं म्हणता येईल. पण मग दावोसच्या आकड्यांनाही तोच नियम लावा. बोली म्हणजे पैसा नव्हे, आणि सामंजस्य करार तर बोलीसुद्धा नव्हे.

एवढं सगळं असूनही, या सगळ्या दारांत मला हे पाचवं दारच त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं. जमीन सार्वजनिक राहते आणि परत करायची तारीख कागदावर असते. १९९७ च्या त्या ठेक्याला २०२७ मध्ये तीस वर्षं भरतात. एका पिढीने दिलेली किल्ली दुसऱ्या पिढीच्या हातात परत येते, असे प्रसंग आपल्याकडे फार थोडे.

आता आक्षेप. माझा भाचा पुण्यात एका परक्या कंपनीत आहे. तो म्हणतो, "मावशी, पैसा कुठल्याही दाराने येऊ दे, माझा पगार तर वेळेवर होतो ना!" बाळा, तुझा पगार वेळेवर होतो याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण तू जिथे बसतोस ते ऑफिस भाड्याचं आहे, संगणक भाड्याचा आहे, आणि ज्याला उठून जायला सहा महिने पुरतात असा मालक आहे. कारखान्याची भट्टी उचलून नेता येत नाही, तुझी खुर्ची येते. म्हणून तुला तर हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त पडायला हवा. तू काय शिकलास जे मालक गेल्यावरही तुझ्याकडे राहील?

दुसरा आक्षेप माझ्या भजनी मंडळातल्या एका मैत्रिणीचा. तिचं म्हणणं, १९७७ सारखं सगळ्यांना हाकलून द्यावं. अगं, हाकलून काय मिळालं ते आपण दोघींनी पाहिलंय. टेलिफोनसाठी आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले आपलेच यजमान होते! ज्याला गुपित सांभाळायचं आहे त्याच्यावर भागीदार लादला, तर तो जुनंपुराणं तंत्र घेऊन येतो आणि चांगलं घरीच ठेवतो. चीननेही मोटारींसाठी भागीदारीची सक्ती केली होती, प्रवासी गाड्यांवरचं ५० टक्क्यांचं बंधन त्यांनी २०२२ मध्ये काढलं. पण मधल्या काळात त्यांनी शिकून घेतलं आणि मग दार उघडलं. आपण पुष्कळदा आधी दार उघडलं आणि शिकायचं राहून गेलं. फरक आहे तो इथे.

मग मागायचं काय? मला फार काही नको. प्रत्येक करारासोबत चार प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत छापा, आणि ती तहसील कचेरीच्या फलकावर लावा.

एक, कोणत्या दाराने येणार? नवा कारखाना, भागीदारी, की असलेली कंपनी विकत घेणार? दोन, बुडालं तर कुणाचं बुडणार? हमी कुणी दिली, वीज, पाणी आणि जमीन कोणत्या भावाने दिली? तीन, इथली माणसं काय शिकणार, आणि ती कुणाच्या नोकरीवर असणार, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? चार, जाताना काय? जमीन कुणाकडे, कामगारांची देणी आधी की नंतर, आणि मालक परदेशातल्या परदेशात बदलला तर आपल्याला कोण विचारणार?

ही उत्तरं देता येत नसतील तर आकडाही सांगू नका.

माझा एक जुना विद्यार्थी उरणजवळच्या कंटेनर यार्डात काम करतो. आजोबांचं मिठागर सिडकोत गेलं, बापाला बंदरात नोकरी मिळाली नाही, आणि हा बारा वर्षं ठेकेदाराकडेच आहे. ठेकेदार तीनदा बदलला. मध्यंतरी सानपाड्याच्या बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, "तुझी कंपनी आता कुणाची रे?" तो हसला. म्हणाला, "बाई, आम्हाला फक्त गणवेशाचा रंग बदलला की कळतं." वर्गात तो हुशार होता, नकाशा बिनचूक काढायचा. या देशाच्या नकाशावर कुठला डबा कुठे जातो हे त्याला पाठ आहे, पण आपल्या पायाखालच्या धक्क्याचा मालक कोण हे त्याला सांगायची कुणालाच गरज वाटलेली नाही.

ती गरज आहे. पुढच्या जानेवारीत पुन्हा बर्फ पडेल आणि पुन्हा आकडा येईल. तेव्हा तुमच्या घरात, कट्ट्यावर, गाडीत कुणी तो कौतुकाने वाचून दाखवला, तर एवढंच विचारा, 'बरं, पण दार कोणतं?'